फांदी वर, तर दार उघडं

खाण्याच्या बाबतीत सिरिल उभ्या आयुष्यात दोनदाच खोटं बोलला, आणि दोन्ही वेळा मी त्याच्या शेजारी होते. एरवी त्याने कुणाची भीड म्हणून ठेवली नाही. चौकात नवीन हॉटेल निघालं, मालक व्हिएन्नाहून शिकून आलेला. परातीएवढ्या पांढऱ्या ताटलीत मधोमध लिंबाएवढं काहीतरी ठेवतो. त्याने सिरिलला मोठ्या हौसेने चमचाभर चाखायला दिलं आणि विचारलं, "कसं काय वाटलं, सिरिलकाका?" हा म्हणाला, "ताटली स्वच्छ घासलीय हो."

मी झ्देन्का. विपावा गावच्या टपाल कचेरीत एकतीस वर्षं खिडकीमागे बसून तिकिटं विकली. सिरिल त्याच कचेरीतला पोस्टमन. माझ्याहून सोळा वर्षांनी मोठा, पण मी त्याला अरेतुरेच करते. तो मला 'बाईसाहेब' म्हणतो, ते काही मान म्हणून नव्हे.

आमच्या खोऱ्यात मळेवाल्या घरांना वर्षातून आठ दिवस घर उघडायची मुभा असते. त्याला आम्ही ओस्मित्सा म्हणतो. आपल्या मळ्यातली वाइन, आपल्या घरचं डुक्कर, आपल्या हातचा योटा, म्हणजे आंबवलेला कोबी, घेवडा न् बटाटा घालून केलेलं दाट सूप. पाटी नाही, जाहिरात नाही. फाट्यावरच्या खांबाला आयव्हीच्या वेलाची हिरवी फांदी बांधायची, ती बघून लोक वळतात. आठ दिवस झाले की फांदी उतरवायची. मध्येच काही अडलं तर आधी फांदी उतरवायची, मग दार लावायचं. फांदी वर आणि दार बंद, हे आमच्याकडे कुणी करत नाही.

आता गाव वाढलंय. बैल बांधायचे तिथे वाइन चाखायची काचेची दालनं झालीत, आणि शनिवारी तर चौकात गाडी लावायला जागा मिळत नाही. या सगळ्या बाहेरच्या मंडळींना चांगलं खायला हवं असतं, आणि कुणीतरी त्यांना सांगतं, "नदीच्या उगमापाशी बाकावर एक म्हातारा बसतो, त्याला विचारा." कुठल्या घराची फांदी कधी चढते, कुणाचं डुक्कर यंदा बारीक निघालं, कुणाच्या सुनेच्या हाताला मीठ कळत नाही, सगळं सिरिलच्या डोक्यात. एकदा एक इटालियन जोडपं आलं. त्यांच्याकडे नुसतं बघून म्हणाला, "तुम्ही भांडून आलाय. चर्चमागच्या घरी जा. तिथली बाई एक शब्द बोलत नाही, पण जेवल्यावर तुम्ही बोलाल." संध्याकाळी दोघं हातात हात घालून आभार मानायला आली!

आणि हा स्वतः? पिशवीतून उकडलेला बटाटा आणि कांदा काढायचा, खिशातल्या सुरीने कापायचा, तिथेच बाकावर खायचा. कुणाच्या ओस्मित्साला गेलाच तर उभ्याउभ्या चमचाभर चाखायचा. टेबलाशी बसला नाही. वीस वर्षं नाही. लोकांना वाटायचं, पोटाचं काही दुखणं असेल. दुखणं कसलं, मला माहीत होतं.

वरच्या वाडीतला स्टान्को हा त्याचा जिवाभावाचा दोस्त, पलटणीतल्या दिवसांपासूनचा. स्टान्को आणि अल्बिना दरवर्षी फेब्रुवारीत घर उघडायचे. मूलबाळ नव्हतं, दोघंच राबायची. अल्बिनाच्या हातच्या योट्यासाठी लोक बर्फातून चालत यायचे. फाटा सिरिलच्या रोजच्या वाटेवर, म्हणून फांदी बांधायचं काम त्याचं. बुर्या सुटला की आमच्याकडे छपरावरच्या कौलांनासुद्धा दगड ठेवावे लागतात, डोंगरावरून तो वारा नुसता कोसळतो. म्हणून सिरिल सुतळीने बांधायचाच नाही. टपालाच्या पोत्याला बांधतो तशी तार, तीन पीळ, टोक आत दुमडलेलं. "माझी गाठ देवाच्या बापाला सुटायची नाही," असं मिरवायचा मेला.

वीस वर्षांपूर्वी त्यांच्या ओस्मित्साच्या सहाव्या दिवशी बुर्या सुटला. सकाळी साडेनऊला कचेरीत फोन आला, वरच्या वाडीतली शेजारीण होती. नुसती खरखर, आणि त्यातून एवढंच ऐकू आलं, "सिरिलला सांग, अल्बिनाची फांदी काढायचीय." मी "का गं?" म्हणेपर्यंत लाइन गेली. मागोमाग गावातले दिवे गेले.

मी मागच्या खोलीत जाऊन सिरिलला निरोप दिला. त्याने खिडकीबाहेर बघितलं. चौकातून कचऱ्याचा डबा गडगडत चालला होता.

"बुर्याने कधीच नेली असेल ती," तो म्हणाला. "कौलं राहत नाहीत तिथे फांदी काय राहतेय?"

"जाऊन तर ये."

"या वाऱ्यात? मोपेडवरून? अगं, वाइन संपली असेल त्यांची, दुसरं काय असणार!"

मलाही तसंच वाटलं. दुसऱ्यांदा काही मी म्हटलं नाही. शेजारच्या खानावळीत लाकडाची शेगडी होती, दिव्यांवाचून तिचं अडत नव्हतं. मालकिणीने अक्रोड भरून कणकेच्या वळकट्या उकडल्या होत्या, वर तुपात परतलेला पावाचा चुरा. आम्ही दोघं समोरासमोर बसून खात होतो. त्याने चार खाल्ल्या, मी दोन. दुपार सरेस्तोवर आम्ही तिथून हललो नाही. आपल्याच हाताने तारेला तीन पीळ घातलेत, हे तो माणूस साफ विसरला.

आणि तिकडे स्टान्को सकाळी आठलाच तळघरात पिंपाशेजारी पडला होता. डॉक्टर पायी येऊन, मान हलवून गेला. माणसांनी स्टान्कोला उचलून वरच्या खोलीत निजवलं. वाऱ्यामुळे उंच गाड्यांना रस्ता बंद, म्हणून त्याला न्यायला शवगाडी येईना. वर शेजारणी जपमाळ घेऊन बसल्या होत्या, खाली अल्बिना स्वयंपाकघरात एकटी. त्या दिवसाच्या पाहुण्यांसाठी पहाटे चढवलेला योटा चुलीवर तसाच.

ल्युब्लियानाहून एक गायनमंडळ आमच्या चर्चमध्ये गायला आलं होतं, सव्वीस माणसं, सात गाड्या. दिवे नाहीत म्हणून कार्यक्रम रद्द झाला. आमची एक खानावळ सोडली तर सगळं बंद, आणि तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. उपाशीपोटी परत निघाले, तर फाट्यावर हिरवीगार फांदी.

अल्बिनाने दार उघडलं. समोर सव्वीस माणसं, थंडीने नाकं लाल झालेली. त्यांच्या खांद्यांवरून तिने फाट्याकडे बघितलं, दारातून तो खांब दिसतो. फांदी होती. स्टान्कोचा बाप म्हणायचा, "फांदी वर, तर दार उघडं. मग घरात काहीही असो." तिने एप्रन बांधला आणि म्हणाली, "या."

तिने सगळ्यांना वाढलं. योटा, डुकराची वाळवलेली तंगडी कापून, सॉसेजं, स्टान्कोने आदल्या दिवशी काढून ठेवलेली वाइन. लोक जेवले, अंगात ऊब आली, आणि गाणाऱ्यांचीच जात ती, गायला लागले. तीन गाणी. शेजारीण मला नंतर म्हणाली, "झ्देन्का, आम्ही वर जप म्हणत होतो, खालून गाणं यायचं. आम्ही थांबायचो. गाणं थांबलं की परत सुरू करायचो. आणि स्टान्को मध्ये निजलेला."

मला आणि सिरिलला हे कळलं दुसऱ्या दिवशी. अल्बिनाच्या अंगणात सगळं गाव जमलं होतं, आणि कुणीतरी विचारलंच, "पण फांदी कशी राहिली गं? निरोप पाठवला होता ना?" सिरिल टोपी हातात घेऊन उभा होता, तोंड मेणासारखं. अल्बिनाने चारचौघांत मोठ्याने सांगितलं, "स्टान्कोने धरून ठेवली होती. चर्चची कौलं उडाली, पण फांदी हलली नाही. शेवटचं एकदा घर भरलेलं त्याला बघायचं होतं." बायका रडायला लागल्या. म्हाताऱ्यांनी हात जोडले.

परत येताना मी सिरिलचा दंड धरून हलवला. "जा आणि सांग तिला."

"काय सांगू? ती तार होती म्हणून?"

"हो! तार होती, आणि आपण गिळत बसलो होतो म्हणून!"

"तिच्याकडे आता एवढंच उरलंय, झ्देन्का. स्टान्कोने धरून ठेवली. तेही काढून घेऊ?"

मी तिथेच विषय सोडला, आणि खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचंच होतं. वळकट्या मीही खाल्ल्या होत्या.

दफनानंतरच्या जेवणाला तो गेला नाही. पुढच्या महिन्यात त्याने वरच्या वाडीचं टपाल दुसऱ्याला देऊन टाकलं. फाट्यावरून जाणं सोडलं, तीन किलोमीटरचा वळसा घालायचा. अल्बिनाने परत कधी घर उघडलं नाही. आणि बुर्या सुटला की हा कानात कापूस घालून बसायचा. मी एकदा चिडवलं, "काय रे, थंडी वाजते कानांना?" तर म्हणाला, "गातात." मी म्हटलं, "कोण?" म्हणाला, "ते. त्यात एक बाई आहे वरच्या आवाजाची. दुसऱ्या गाण्यात ती एकटीच वर जाते आणि तिथेच राहते. खाली येतच नाही."  त्या दुपारी तर हा माझ्यासमोर बसून खात होता, पाच किलोमीटर लांब. त्याने ते गाणं ऐकलेलंच नव्हतं.

अशी वीस वर्षं गेली. यंदाच्या जानेवारीत आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. एक बाई आली, साठीची, पांढरे केस नीट कापलेले.

"तुम्हीच सिरिल ना? तुम्हाला सगळी घरं ठाऊक आहेत म्हणे. मी एक घर शोधतेय. वीस वर्षांपूर्वी आम्ही तिथे जेवलो होतो, सगळं गायनमंडळ. तसं जेवण मी परत कुठेच जेवले नाही. आम्ही गायलो तर ती घरमालकीण दाराला टेकून रडत होती. इतकं छान गाणं आम्ही पूर्वी कधी गायलो नव्हतो, आणि नंतरही नाही."

सिरिलच्या हातातला बटाटा खाली पडला.

"तसं घर इथे नाही, बाई," तो म्हणाला. "तसलं जेवण इथे कुणी करत नाही. दुसरं कुठलंतरी खोरं असेल ते."

हे त्याचं पहिलं खोटं. बाई बिचारी आभार मानून गेली. मी उठले ती फणफणतच. "लाज नाही वाटत? तिचा योटा नव्हताच म्हणतोस? स्टान्को मेला, आता त्या बाईच्या हातची चवही मारून टाकतोस?" तो वाकून पडलेला बटाटा उचलून पुसायला लागला. मी तशीच गाडी काढून वरच्या वाडीला गेले.

अल्बिनामावशी आता त्र्याऐंशीच्या. मला कॉफी दिली. दूध नासलेलं होतं, मी गुपचूप प्याले. मी फक्त त्या बाईचं सांगितलं, बाकी एक अक्षर नाही. त्यांनी माझा कप उचलून विसळला.

"गाण्याने रडले असं वाटलं होय तिला," त्या म्हणाल्या. मग एप्रनला हात पुसले. "सिरिलला सांग, गुरुवारी फांदी बांधायचीय."

"मावशी, अहो, परवाना वगैरे?"

"म्हाताऱ्या बाईला कोण तुरुंगात घालतंय! तू निरोप सांग."

वीस वर्षांनी परत फांदीचाच निरोप, परत माझ्याच तोंडून. या वेळी मी दोनदा सांगितला, आणि गुरुवारी सकाळी गाडी घेऊन त्याच्या दारात उभी राहिले. तो दाढी करून, कोट घालून तयार होता.  "मी आज सांगणार आहे तिला," तो म्हणाला. "जेवायला बसायच्या आधी. मग तिने हाकललं तर हाकललं." फाट्यावरच्या खांबाला तारेने पडलेली खाच अजून दिसत होती. त्याने तिच्यावर हात ठेवला नाही. आयव्ही खालच्या बाजूला बांधली, सुतळीने, एका साध्या गाठीने, बुटाची नाडी बांधावी तशी.

घरात टेबलावर तीनच ताटल्या मांडल्या होत्या.

"बाकीची माणसं?" मी विचारलं.

"कुणी नाही. बस रे सिरिल."

तो बसला नाही. टोपी काढली, आणि भिंतीकडे बघून एका दमात बोलून गेला. "अल्बिना, स्टान्कोने फांदी धरली नव्हती. माझी तार होती. निरोप मला साडेनऊलाच मिळाला होता. वारा आहे म्हणून मी आलो नाही. मी खानावळीत खात बसलो होतो. तो वर निजलेला होता आणि मी खात होतो."

अल्बिनामावशींनी टेबलाचा खण ओढला. पावाच्या सुरीखालून काहीतरी काढून त्याच्यासमोर ठेवलं. गंजलेली तार. तीन पीळ, टोक आत दुमडलेलं, मध्ये पक्कडीने कापलेली.

"त्याच संध्याकाळी मी स्वतः गेले होते पक्कड घेऊन," त्या म्हणाल्या. "अर्धा तास लागला त्या वाऱ्यात. मेलेली माणसं असले पीळ घालत नाहीत, सिरिल. हे पीळ सगळ्या खोऱ्यात एकच माणूस घालतो."

"मग तू सगळ्यांना..."

"काय सांगायला हवं होतं? सगळं गाव अंगणात उभं, आणि तुझं तोंड असं झालेलं. नवरा गेलाच होता. त्याचा दोस्तही घालवून बसू? लोकांनी तुला जगू दिलं असतं का?" त्यांचा आवाज चढला. "मला वाटलं, चार दिवसांत येशील आणि सांगशील. दफनाच्या दिवशी तुझी ताटली मांडून ठेवली होती. ईस्टरला मांडली. दुसऱ्या वर्षीही मांडली. मग राग आला. मग रागाचीही सवय झाली. वीस वर्षं, सिरिल! सगळ्या जगाला जेवायला कुठे जा ते सांगतोस, आणि तुला माझं दार सापडलं नाही?"

"मला वाटलं, तुला त्याचा आधार आहे."

"कसला आधार! मी त्यावर एक दिवस विश्वास ठेवला नाही."

त्याने खुर्ची ओढली आणि बसला. तारेवर बोट फिरवत म्हणाला, "बुर्या सुटला की मला ते गाणं ऐकू येतं."

"दुसरं?" मावशींनी विचारलं. "ती एकटी वर जाते ते?"

"हो."

"मलाही," त्या म्हणाल्या, आणि वाढायला उठल्या. 

त्यांनी तिघांना योटा वाढला. सिरिलने पहिला घास घेतला. मी माझा चमचा तोंडात घातला आणि, देवाशपथ, गिळवेना. मिठाचा खडा चोखावा तसा खारट, घेवडा खाली लागलेला, त्याचा जळका वास वरपर्यंत. मी कशीबशी पाणी प्याले. अल्बिनामावशी सिरिलच्या तोंडाकडे बघत होत्या.

"मागच्या हिवाळ्यात ताप आला, तेव्हापासून जिभेला काही कळत नाही माझ्या," त्या म्हणाल्या. "अंदाजाने केलाय. स्टान्को होता तेव्हा व्हायचा तसाच झालाय ना? तू खोटं बोलायचा नाहीस म्हणून विचारते."

सिरिल खाली बघून खात होता. ताटली रिकामी केली, पावाच्या तुकड्याने कडा पुसल्या, तो तुकडाही खाल्ला. मग वर बघितलं. डोळे भरून आले होते, मिठाने की कशाने कोण जाणे.

"तस्साच," तो म्हणाला. "कणभर इकडे नाही की तिकडे नाही. अजून वाढ."

मावशींनी काठोकाठ वाढलं. त्याने तेही संपवलं.

परतताना बुर्या सुटला होता. फाट्यावर खांब रिकामा होता, सुतळीसकट सगळं उडून गेलेलं. गावात शिरल्यावर त्याने मला उगमापाशी गाडी थांबवायला लावली, काठावर गुडघे टेकले आणि ओंजळीने पाणी पीत राहिला. कानात कापूस नव्हता. मी वाट बघत उभी होते.

"एक शब्द बोलू नकोस, बाईसाहेब," तो पाण्यावर वाकूनच म्हणाला. आणि तो परत ओंजळ भरून प्यायला लागला.